‘शिकून तरी काय होतंय?’ : शिक्षण, घरची परिस्थिती आणि पुढे जाणं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी माण तालुक्यातला. वडील मार्केट यार्डात हमाल होते, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आमच्या घरात दहावी पास झालेला पहिला मीच, मग डिप्लोमा केला, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, आता चाकणला नोकरी. दहावी बारावीचे निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात, कधी पोरांचे, कधी त्यांच्या आईबापाचे, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर घाईत अर्धंच सांगून होतं म्हणून एकदाच सगळं बसून लिहितोय.

शिक्षण महत्त्वाचं का घरची परिस्थिती? एकच काय ते सांगा.

एकच सांगता येत नाही कारण दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. शिक्षणाने माणूस वर येतो हे खरं, मी स्वतः आलोय. पण तेच शिक्षण कुणाला किती लागू पडणार हे घर ठरवतं. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सरकारसाठी लाखो विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, सगळ्यांना वाटत होतं की शाळेची इमारत, पुस्तकं, खर्च यानेच फरक पडत असणार, पण निघालं असं की मुलाच्या मार्कांवर शाळेच्या सोयींपेक्षा घरचा परिणाम जास्त दिसतो. याचा अर्थ शाळा निरुपयोगी असा बिलकुल नाही. ज्याच्या घरात काहीच नाही त्याला शाळा सोडून दुसरं आहेच काय, म्हणून त्याच्यासाठी ती चांगली असणं जास्त गरजेचं आहे.

घरची परिस्थिती म्हणजे पैसाच ना?

नाही. मलाही आधी तसंच वाटायचं.

डिप्लोमाला माझा एक मित्र होता, आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका, वडील नव्हते, म्हणजे पैसा त्यांच्याकडेही बेताचाच. पण त्याच्या आईने एक निळी बटणाची प्लास्टिकची फाईल केली होती. त्यात जातीचा दाखला, जात पडताळणी, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर (म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गाची सवलत मिळायला घर उत्पन्नाच्या मर्यादेत आहे असा दाखला), उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या पाच पाच झेरॉक्स, आणि ज्या कागदाची मुदत संपते त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख लिहिलेली. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला आम्ही दोघं एकदमच गेलो. माझे मार्क त्याच्यापेक्षा चार टक्क्यांनी जास्त. पण माझं नॉन क्रिमीलेअर ३१ मार्चलाच संपलेलं, मला ते माहीतच नव्हतं, घरात कोणाला माहीत असायचा प्रश्नच नव्हता. नवीन काढायला तालुक्याच्या ऑफिसात पाच हेलपाटे घातले, वडिलांनी त्या दिवसांची हजेरी बुडवली, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, आणि दाखला हातात पडला तोपर्यंत मुदत गेली होती. मी ओपनमध्ये टाकला गेलो, गव्हर्नमेंट कॉलेजची सीट गेली, त्याला मिळाली. मी प्रायव्हेटला गेलो आणि वडिलांनी व्याजाने पैसे काढले.

आता यात हुशारी कमी पडली का कष्ट कमी पडले? दोन्ही नाही, ती निळी फाईल कमी पडली. पिअर बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ याला सांस्कृतिक भांडवल म्हणायचा, म्हणजे घरातून न मागता मिळालेली भाषा, ओळखपाळख, कुठे काय विचारायचं याची समज. आपल्याकडे ‘त्यांच्या घरातच शिक्षण आहे’ असं जे म्हणतात ना, तेच हे. यात पैसा एक भाग झाला, माहिती दुसरा, आणि तिसरा म्हणजे मोकळा वेळ, जो कोणी मोजतच नाही. सुट्टीत ज्याला रानात जावं लागत नाही त्याला दोन महिने जास्त मिळतात, असे दहा वर्षांचे मोजून बघा.

सचिन कुठे कॉलेजला गेला? बिल गेट्सने तर कॉलेज सोडलं. मग शिक्षणाचा एवढा आग्रह का?

हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. सचिन कॉलेजला गेला नाही बरोबर आहे. पण त्याचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक, कवी. मोठा भाऊ अजितने त्याचा खेळ ओळखला आणि आचरेकर सरांकडे नेलं, सरांनी सांगितलं शाळा बदला, घरच्यांनी बदलली, प्रवासात वेळ जाऊ नये म्हणून शिवाजी पार्कजवळ काका काकूंकडे ठेवला. सोळाव्या वर्षी तो भारताकडून खेळला यात त्याची मेहनत शंभर टक्के त्याची आहे, पण अकरा वर्षांच्या पोरामागे अख्खं घर उभं राहिलं, हे सांगायचं राहून जातं.

बिल गेट्सचंही तसंच. वडील वकील, आणि १९६८ मध्ये जेव्हा बहुतेकांनी कॉम्प्युटर डोळ्याने पाहिलाही नव्हता तेव्हा त्याच्या शाळेत मुलांना वापरायला टर्मिनल होतं. त्याने सोडलं ते हार्वर्ड, आणि ते जमलं नसतं तर परत जायला घर होतं. आपल्यातला पोरगा कॉलेज सोडतो तेव्हा खाली झेलायला कोण असतं? म्हणून बाळांनो, कुणाचंही उदाहरण घेताना त्याने काय सोडलं ते बघू नका, त्याच्या हातात आधी काय होतं ते बघा.

पण जुनी माणसं कमी शिकून मोठी झालीच की. वसंतदादा, कर्मवीर अण्णा?

झाली, आणि त्यांनी काय केलं तेही बघा. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले, गावोगाव फिरले, आणि त्या फिरण्यात त्यांना दिसलं की बहुजनांची पोरं शाळेपर्यंत पोचतच नाहीत. १९१९ ला कऱ्हाडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह काढलं. त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. वसंतदादाही फार शिकलेले नव्हते पण १९८३ ला मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी त्यांनीच दिली. गाडगेबाबांना तर अक्षरओळख नव्हती आणि ते कीर्तनात लोकांना काय सांगायचे, ताट नसलं तर हातावर भाकरी खा पण पोराला शाळेत घाला. ज्यांना शिक्षण मिळालं नाही त्यांनीच जन्मभर इतरांच्या शिक्षणासाठी जीव टाकला. शिक्षणाची गरज नसती तर यांना कशाला एवढी तळमळ लागली असती?

अण्णांच्या वसतिगृहाचं मला मोठेपण वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. त्यांनी ओळखलं होतं की नुसती शाळा देऊन भागत नाही, पोराला घर द्यावं लागतं. जेवण, कंदील, वेळेवर उठवणारं माणूस, बरोबरीची अभ्यास करणारी पोरं, म्हणजे शिकलेल्या घरात जे आपोआप मिळतं ते सगळं. आणि कमवा आणि शिका, म्हणजे घरच्यांवर भार नको. मी रयतच्याच शाळेत शिकलो आणि माझ्या दहावीला आमचे सर डिसेंबरपासून रात्री शाळेतच झोपायला बोलवायचे, आम्ही अकरा जण, घोंगडी आणि डबा घेऊन. घरी एक खोली, एक बल्ब आणि सहा माणसं. त्या तीन महिन्यांनी माझं सगळं बदललं.

बाबासाहेब इतक्या हालात शिकले. मग आजच्या पोरांना सगळं असून काय धाड भरलीय?

बापमाणसं पोरांना असं बोलतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. बाबासाहेबांची जिद्द हजारात एक होती हे खरंच आहे. पण त्यांचे वडील रामजी सुभेदार सैन्यातल्या शाळेत शिकवायचे, स्वतः पोराचा अभ्यास घ्यायचे, पुस्तकासाठी पैसे कमी पडले तर लेकींचे दागिने गहाण टाकायचे. बरोबरीच्या लाखो पोरांना असा बाप मिळाला नव्हता, कारण त्या बापांना कोणी शिकूच दिलं नव्हतं. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ ला ते कोलंबियाला गेले. म्हणजे जिद्द अधिक बाप अधिक शिष्यवृत्ती. पोराला नुसती जिद्द मागायची आणि बाकीचं आपण द्यायचं नाही, हे बरोबर नाही.

अजून एक. १९१७ ला एवढं शिकून ते बडोद्याला नोकरीला आले तर त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी मुसाफिरखान्यातून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. तेव्हा ‘नुसतं शिका, सगळं नीट होईल’ असं मी कुणाला सांगत नाही. जन्माने चिकटवलेलं डिग्रीने आपोआप धुऊन निघत नाही. पण त्याच शिक्षणाच्या जोरावर ते पुढे उभे राहिले, लढले, हेही तेवढंच खरं.

डिग्री घेऊन पोरं घरी बसलीत. शेजारचा अडाणी बरा, कामाला तरी जातो. मग?

आकडेवारीतही हे दिसतं, सरकारच्या रोजगाराच्या सर्वेक्षणात दरवेळी न शिकलेल्यांपेक्षा पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण जास्त निघतं. पण त्याचं कारण नीट समजून घ्या. ज्याच्या घरात आज कमावलं तर आज चूल पेटते त्याला बेकार राहणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो करतो, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही. पदवीधर थांबतो, चांगल्या कामाची वाट बघतो. यावरून शिक्षण वाईट असं ठरत नाही. ज्यांना पक्की, पगारी नोकरी मिळते त्यात शिकलेलेच जास्त असतात.

हां, पण कुठलीही डिग्री म्हणजे शिक्षण नव्हे. तुकडी चालू राहावी म्हणून चालणारी कॉलेजं आहेत, जिथे प्रॅक्टिकल होत नाही, सर येत नाहीत, जर्नल विकत मिळतं. तीन वर्षं गेली, फी गेली, आणि पोराला स्वतःच्या विषयातलं चार ओळी सांगता येत नाही. शिकलेल्या घरातलं पोर असल्या कॉलेजात जातच नाही कारण घरात कोणीतरी सांगतं की तिकडे नको. आपल्याला बोर्डावरचा फोटो आणि बसची सोय बघून वाटतं चांगलं असेल. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी त्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तीन पोरांना शोधा आणि विचारा आता काय करताय. एवढं एक केलं तरी बरंच कळतं.

दहावीनंतर काय? सगळे अकरावी सायन्स म्हणतायत.

घरात लवकर कमवायची गरज असेल आणि पोराचा हात चालत असेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला अजिबात कमी समजू नका. डिप्लोमा तीन वर्षांचा, नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि नाही गेलं तरी हातात काहीतरी असतं. बारावी सायन्स करून क्लासची फी भरली नाही आणि सीईटी किंवा ‘नीट’ परीक्षा चांगली गेली नाही तर हातात नुसतं बारावी उरतं. माझ्या कंपनीत टूल रूममध्ये आयटीआय झालेले लोक आहेत, त्यांच्या हातासारखी अचूकता आम्हा इंजिनिअरांकडे नाही. पण सरकारी आयटीआयला, चालणारा ट्रेड बघून, आणि अ‍ॅप्रेंटिस पूर्ण करायचीच, ती अर्धी सोडायची नाही.

एमपीएससी किती वर्षं करावी?

पुण्यात सदाशिव पेठेत जा, अभ्यासिकांमध्ये सकाळी सहाला खुर्ची धरणारी पोरं बघा, एक वेळ मेस आणि एक वेळ वडापाव. त्यांच्या कष्टाला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. पण जागा काहीशे आणि अर्ज लाखांत. वयाची मर्यादा ३८, मागास प्रवर्गाला ४३, ती दिसते म्हणून पोरं थांबत राहतात. ज्याच्या घरी पेन्शन येते तो पाच सहा अटेम्प्ट देऊ शकतो, ज्याचा बाप ऊस तोडतो त्याच्या प्रत्येक अटेम्प्टमागे एक उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, असते. माझं मत, दोन पूर्ण प्रयत्न आणि तोपर्यंत कट ऑफच्या आसपासही आलो नाही तर नोकरी धरायची आणि नोकरी करत द्यायची. घरी हे आधीच ठरवून, सांगून निघायचं. न सांगता निघालेली पोरं परत यायला लाजतात, आणि त्या लाजेपायी अजून चार वर्षं जातात.

मुलगी आहे, लग्नच करायचंय, मग एवढं कशाला?

ताई, दादा, हात जोडून सांगतो, असं म्हणू नका. नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हेत दरवेळी दिसतं की आई जास्त शिकलेली असली की मुलांची वाढ आणि लसीकरण चांगलं असतं. निळी फाईल माझ्या मित्राच्या आईनेच केली होती, विसरू नका. आणि आता पैशाची सबबही कमी झालीय. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, ती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्याला नाही, हे आधी बघा.

पोराला इंग्लिश मिडीयमला घालू का झेडपीत?

मिडीयमपेक्षा, वाचता येतंय का ते बघा. ‘प्रथम’ नावाच्या संस्थेच्या ‘असर’ या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता आला नाही, आणि त्यात खाजगी शाळांतलीही मुलं होती. आज रात्री पोराला एक पान मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी अडखळतोय का ते ऐकून कळतंच. घरात कोणालाच इंग्रजी येत नसेल आणि गावातल्या झेडपीचे गुरुजी मन लावणारे असतील तर मी झेडपीच म्हणेन. टाय आणि बस बघून भुलू नका.

आम्ही आईबाप अडाणी. आम्ही घरात काय करू शकतो?

खूप काही. माझ्या आईला सही येत नव्हती, पण रोज संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत विचारायची, आज शाळेत काय झालं ते सांग, आणि मी सांगेपर्यंत पुढची भाकरी तव्यावर टाकायची नाही. मला सगळं आठवून, जुळवून, तिला कळेल असं सांगावं लागायचं. आज कंपनीत प्रेझेंटेशन देताना मला तेच उपयोगी पडतं, हे तिला सांगितलं तर तिला पटत नाही.

बाकी, परीक्षेच्या आधी दोन महिने तरी पोराला रानातून आणि गुरांमागून मोकळं करा. पोरीलासुद्धा, तिच्या वाटची धुणीभांडी अर्धी तिच्या भावाला द्या. चार लोकांत ‘आमचं ढ आहे’ असं म्हणू नका, पोरं ते विसरत नाहीत. शाळेच्या मीटिंगला जा, काही बोलायला नाही जमलं तरी नुसतं जाऊन बसा, सरांना कळतं या पोरामागे माणूस आहे.

कागदपत्रं आणि परीक्षा, कधी काय?

पाचवीत नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा द्या, सहावीपासून राहणं जेवण फुकट आणि बहुतेक जागा ग्रामीण मुलांनाच. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि पोर सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर, लागली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळेने फॉर्म भरला नाही तर जाऊन विचारा, लाजू नका. जातीचा दाखला दहावीच्या आत काढून ठेवा. पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका, निकालानंतर पळापळ करू नका कारण तेव्हा सगळा जिल्हा तिथे असतो. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, आता हे कोणी विसरू नका. महाडीबीटीचा (राज्य सरकारची शिष्यवृत्तीची वेबसाईट) अर्ज दरवर्षी रिन्यू करावा लागतो, आणि बँक खात्याला आधार लिंक नसेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीसुद्धा येत नाही. आणि फाईल करा. रंग कुठलाही चालेल.

यशस्वी कोणाला म्हणायचं?

माझ्यापुरतं सांगतो. वडिलांनी ५८ व्या वर्षी पोतं उचलणं बंद केलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढं घट्टं पडलंय, ते आता दुखत नाही म्हणतात.

दादा, नोकरी लागली. घरी किती पैसे द्यायचे? दिलं तर माझं काहीच उरत नाही, नाही दिलं तर झोप लागत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्यासारख्यांनाच पडतो आणि याच्यावर कोणी बोलत नाही. माझा तो मित्र आणि मी, दोघांचा पहिला पगार जवळपास सारखाच. त्याच्या आईला पगार होता, नंतर पेन्शन, म्हणून त्याचे पैसे बाजूला पडले, सहाव्या वर्षी त्याने वन बीएचके घेतला. माझे पैसे गेले कॉलेजच्या व्याजात, बहिणीच्या लग्नात, घरावर स्लॅब टाकण्यात. डिग्री सारखी, पगार सारखा, आणि दहा वर्षांनी तो कुठे मी कुठे. तेव्हा शिकून सगळे एका रांगेत येतात असं मला कोणी सांगितलं की मी हेच सांगतो. मला त्याचा राग नाही, घरच्यांचा तर नाहीच, त्यांनी माझ्यासाठी केलं त्यापुढे हे काहीच नाही. पण हिशोब माहीत असावा, म्हणजे पोरगं स्वतःला नालायक समजत नाही.

तर, घरी द्यायचं, पण ठरवून, एक आकडा, ठरलेल्या तारखेला. सावकाराचं व्याज असेल तर सगळ्यात आधी ते फेडायचं, घर नंतर. आईबापांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, कारण एका ऑपरेशनमध्ये पाच वर्षांची कमाई जाते आणि बरेचदा सरकारी योजनेत पाच लाखांपर्यंत सोय असताना माहिती नसल्याने जाते. तीन महिन्यांचा खर्च तुमच्या स्वतःच्या खात्यात, त्याला हात नाही. दुसऱ्या वर्षी गावाला दाखवायला हप्त्यावर गाडी घेऊ नका. आणि धाकट्या भावाबहिणीची फी देत असाल तर नुसती फी पाठवून देऊ नका, अ‍ॅडमिशनच्या दिवशी रजा टाकून स्वतः बरोबर जा.